दोन पायऱ्या

रुवीच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानात
स्टुलं छताला टांगलेली, शिंकाळ्यांसारखी.
मॅनेजरने पाच रियाल दिले होते,
पावती आण म्हणाला, आणि वर, "बघून घे."

बघूनच घेणार होतो.
कुंजुमोन पडला त्याला एकवीस दिवस झाले होते.
बाळदुधाच्या खोक्यावर खोका, त्यावर तो.
वरच्या फळीवरून सलाईनचा बॉक्स ओढताना
खालचा खोका बसला. बस, एवढंच.
मी बाहेर काउंटरला होतो.
वाटलं, कोणीतरी अडकित्त्यात सुपारी फोडली.

वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.
तरी घोडं घ्यायचं तर पाय बघूनच.

पहिलं प्लास्टिकचं, गुलाबी, वर बदकाचं चित्र.
"सस्ता, मजबूत," दुकानदार म्हणाला.
मुराद, म्हातारा बलुची, डोक्यावर नक्षीची टोपी.
मी तळव्याने मधोमध दाबलं,
बदक खाली गेलं, वर आलं.

दुसरं लाकडी. पॉलिश असं की तोंड दिसावं.
फरशीवर ठेवलं तर एक पाय अधांतरी.
आमच्या घरचा चौरंग असाच डुगडुगायचा,
पूजेआधी बाबा त्याच्या एका पायाखाली
जुन्या लग्नपत्रिकेची घडी सारायचे.
देव चालवून घेतात.
देवांना फळीवरून काही काढायचं नसतं.

तिसरं लोखंडी, घडीचं.
उघडलं, खटका बसला.
पुन्हा उघडलं, बसला.
तिसऱ्यांदा नाही.
मुराद म्हणाला, "तेल घाल."
मी म्हणालो, "दुसरं दाखव."

चौथं त्याने काठीने खाली काढलं.
ॲल्युमिनियमचं, दोन पायऱ्या, पाऊल आडवं मावेल एवढ्या,
वर रेघा कोरलेल्या, घामेजल्या तळव्यासाठी.
चारी पायांना रबरी बूट.
ओढून पाहिले, हातात आले नाहीत.
बाजूला चिकटपट्टी : दीडशे किलो.
कुंजुमोन एक्कावन्न. बॉक्ससकट त्रेसष्ट.
हा हिशेब मी दुकानात उभ्या उभ्या केला,
आणि खोक्यावर काय लिहिलं होतं ते आठवलं :
'वर वजन ठेवू नये.'

चप्पल काढून चढायला लागलो
तर मुराद ओरडला, "घालूनच चढ!
कामाच्या वेळी काढणार आहेस का?"
आणि मी वर असताना त्याने दोन्ही हातांनी
स्टूल गदागदा हलवलं.
मी हललो. ते नाही.

वरून काय दिसलं?
पंख्याच्या पात्यांवरची धूळ,
मुरादच्या टोपीचा विटलेला माथा,
दाराबाहेर गवताचं पातंही नसलेला डोंगर.
हातभर उंचीने आणखी काय दिसणार.

सांगितले साडेसात, घेतले सात.
दोन माझ्या खिशातले.

त्या रात्री ते दुकानात न ठेवता खोलीवर नेलं.
सहा खाटा, एक कपाट,
कपाटावर छतापर्यंत सहा जणांच्या बॅगा.
कुंजुमोनची सगळ्यात मागे, भिंतीकडे,
अंगावर मल्याळीत रंगवलेलं नाव.
त्याचं तिकीट शुक्रवारचं होतं.
"हात बरा झाला की बोलावू," असं मॅनेजर म्हणाला होता.
कसं म्हणाला ते आम्ही दोघांनी ऐकलं होतं.

मी दुसऱ्या पायरीवर चढलो.
त्याने खाली बसून, प्लास्टर छातीशी घेऊन,
चांगल्या हाताने स्टुलाचा पाय घट्ट धरला.
गरज नव्हती.
मी तसं सांगितलं नाही.

बॅग हलकी होती, आत डांबराच्या गोळ्या खुळखुळल्या.

आता त्याच्या जागी टेकनाथ आहे, पोखऱ्याचा.
सहा फुटी, वरच्या फळीला नुसता हात पोचतो.
दहाच्या चहाला तो स्टुलावरच बसतो,
पाय लांब करून.
काल म्हणाला, "भाई, चांगलं आहे हे.
हलत नाही."

मी एक्सपायरीच्या तारखा तपासत होतो.
मान वर न करता म्हटलं,
"माहीत आहे."